तुम्ही पाठवलेलं लेझर आणि माझे दोन हात

झेलेना, सॅस्कॅचेवान
शुक्रवार, १९ सप्टेंबर

आदरणीय ओरिसियाताई,

आणि वर पुन्हा खोक्यात कार्ड टाकलंत, "वापरून बघ आणि सुखी हो" म्हणून. झाले सुखी. माझा उजवा हात सध्या सोललेल्या बटाट्यासारखा आहे, डावा अस्वलाचा होता तसाच आहे, त्या डाव्यावर मनगटाच्या चार बोटं वर टपालाच्या तिकिटाएवढा चौकोनी फोड आहे, तुमच्या भावाच्या, म्हणजे माझ्या मीरोच्या, पोटाला दोन खिडक्या पडल्या आहेत, आणि चर्चच्या हॉलमध्ये मी अजून बटाटेच सोलते आहे. पत्राची सुरुवात नमस्कारानं करतात हे मला माहीत आहे, सातवीत शाळा सोडली तरी तेवढं शिकले होते (सातवीत सोडली हे तुम्ही रोमानच्या लग्नात माइकवरून सांगितलंत, त्यामुळे आता ते सगळ्यांनाच माहीत आहे). तर देवाची स्तुती असो. तुमचा गुडघा कसा आहे? माझ्या मते तो बसून बसून दुखतो. वसिलभावोजींना नमस्कार सांगा, ते घरात कुठे असतील तिथे. तुमचं मांजर गेल्याचं मीरोकडून कळलं, फार वाईट वाटलं, म्हणजे मीरोला वाटलं. आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत, वर लिहिलंय तेवढं सोडून.

आता मुळापासून सांगते, कारण तुम्हाला यातलं अर्धंच माहीत आहे आणि तेही मीरोच्या तोंडून, आणि मीरो फोनवर गोष्ट सांगतो ती खड्ड्यात पडलेली गाय काढावी तशी, शेपटीकडून. जुलैत तुम्ही आला होतात तेव्हाच्या गुरुवारी आपण हॉलमध्ये पारीत बटाटा भरून एकशे दहा डझन पिरोही चिमटल्या (तुमच्या नऊ डझन झाल्या, मी मोजत नव्हते, स्टेफा मोजत होती). त्या गोठवल्या, पिशव्यांत भरल्या, विकायला ठेवल्या, तुम्ही विनिपेगला परत गेलात. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी त्यातल्या दोन डझन लुथरन चर्चच्या पाळकाच्या बायकोनं नेल्या. त्या पाळकाच्या दातात केस आला. आपल्यातल्या कुणाच्या दातात आला असता तर ती बाई तोंड वाजवत आली असती, चार शब्द बोलली असती, चार ऐकले असते, कॉफी पिऊन घरी गेली असती, विषय संपला असता. पण लुथरन. तिनं तो केस पाकिटात घातला, बरोबर चिठ्ठी लिहिली, की पिरोही फारच चविष्ट होत्या, मनापासून आभार, आणि हा बहुधा तुमच्यापैकी कुणाचा असावा. त्यापेक्षा अंगणात येऊन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

स्टेफा हाव्रिलुक स्वयंपाक कमिटीची अध्यक्ष झाल्यापासून काहीतरी गुन्हा घडावा म्हणून वाटच बघत होती. तिनं तो केस एका पांढऱ्या कार्डावर चिकटपट्टीनं चिकटवला आणि हॉलच्या नोटीस बोर्डावर लावला, बिंगोची तारीख आणि म्हाताऱ्या इवानच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाची यादी यांच्या मधोमध. बोटभर लांब, काळा कुळकुळीत केस. आमच्या टेबलावर अकरा बायका. आठ पांढऱ्या केसांच्या, दोन पिवळ्या आणि एक मी काळी. आता माझी वेणी कमरेपर्यंत आहे, तीवर रुमाल आहे, रुमालावर जाळी आहे, त्यातून केस पडायचा तर तो तुरुंगातून पळाल्यासारखा पडावा लागेल, हे स्टेफालाही दिसत होतं. म्हणून तिनं डोकं सोडलं आणि हात धरले. सगळ्यांसमोर, कॉफीच्या वेळी, कपात साखर ढवळत म्हणाली, "डोक्याला जाळी आहे गं झोनिया, पण त्या हातांना मी कुठून जाळी आणू?"

हसल्या सगळ्या. माझी विहीणसुद्धा हसली, तिची मी वेगळी नोंद ठेवली आहे. बोटभर लांब केस माणसाच्या हातावर असतो का, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. माझे हात वडिलांवर गेले आहेत हे गावाला माहीत आहे, आणि वडिलांना शवपेटीत ठेवताना फादरनी स्वतः त्यांच्या बाह्या खाली ओढल्या होत्या हेही गावाला माहीत आहे, त्यामुळे असतो, असं ठरून गेलं. मला टेबलाच्या टोकाच्या मानाच्या जागेवरून उठवलं आणि मागच्या खोलीत बटाट्यांवर बसवलं.

ती जागा कुठली हे तुम्हाला सांगायला नको. खिडकीजवळची, तुमच्या आईची. तिथे बसणारी पहिली पिरोही चिमटते आणि मगच बाकीच्या पिठाला हात लावतात. तुमच्या आईनं तिथे तीस वर्षं काढली आणि हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात पारी कापायचा तो जाड बुडाचा काचेचा पेला उशीखालून काढून माझ्या हातात दिला (तो तिनं हॉस्पिटलात का नेला होता ते मी विचारलं नाही, तिला स्टेफावर भरवसा नव्हता). तुम्हाला कानातले दिले. मी तेव्हाही कुरकुर केली नाही, कानातल्यांनी पारी कापता येत नाही. आता तिथे स्टेफानं आपली सून बसवली आहे, कर्स्टन. पोरगी वाईट नाही. पण तिच्या पिरोही उकळत्या पाण्यात तोंड उघडतात, तिच्या सासूसारख्याच. आणि पाच ऑक्टोबरला सुगीचं जेवण आहे, पाचशे माणूस येतं, लुथरन पहिल्या पंगतीला येतात, आणि त्याआधीच्या गुरुवारी कमिटी पुढच्या वर्षाच्या जागा ठरवते. एकदा ठरलं की ठरलं. पुढे ती बाई मेल्याशिवाय जागा हलत नाही, आणि कर्स्टन सत्तावीस वर्षांची आहे.

हे मीरोनं तुम्हाला फोनवर सांगितलं आणि आठव्या दिवशी खोकं दारात. तुम्ही पाठवलेलं. ज्या तुम्ही माझ्या पन्नाशीला वापरलेला टोस्टर पाठवला होता, आत पावाचे तुकडे तसेच ठेवून. मला तेव्हाच काहीतरी वाटायला हवं होतं. पण मला वाटलं ते एवढंच, की बघा, माणसं म्हातारपणी सुधारतात.

लेझरचं मशीन दिसायला दुकानात डब्यावरची किंमत वाचायची बंदूक असते तसं. बरोबर माहितीचं पुस्तक, नऊ भाषांत, अक्षरं खसखशीएवढी. मी अक्षरांच्या भानगडीत पडले नाही, चित्रं बघितली. पहिल्या चित्रात सूर्य आणि त्यावर काट. म्हणजे उजेडात वापरायचं नाही. दुसऱ्या चित्रात डोळा. म्हणजे डोळे सांभाळायचे. तिसऱ्यात एक पाय आणि शेजारी वस्तरा. आता केस काढायचं मशीन घेतल्यावर वस्तरा कशाला फिरवायचा? घोडा विकत घेऊन खोगीर आपण पाठीवर घ्यायचं, असलं काहीतरी. ते पान मी उलटून टाकलं. चूक माझी नाही, चित्रं काढणाराची. सूर्यावर काट मारली की बाई तळघरातच जाणार.

तळघरात गेले. तिथे विजेची जागा एकच आणि तीत डीपफ्रीझ, म्हणून डीपफ्रीझचा प्लग काढून मशीनचा लावला (परत लावायचा राहिला, त्यामुळे यंदाच्या सगळ्या बेरींचा मुरंबा झाला आहे, बावीस बाटल्या, तुम्हाला चार पाठवते, नको म्हणू नका). डोळ्यांसाठी मीरोचं वेल्डिंगचं हेल्मेट घातलं. त्यातून काही म्हणजे काही दिसत नाही. बटाट्याच्या पोत्यावर बसले, चाचपडत मशीन डाव्या हाताला लावलं आणि घोडा दाबला. काही नाही. हेल्मेट वर केलं तर मशीनवर लाल दिवा लुकलुकतोय. पुन्हा दाबलं. लाल. तिरकं लावलं, दाबून लावलं, गोंजारून लावलं, शेवटी पोत्यावर आपटलं. लाल. मग वरून मीरोला हाक मारली.

मीरो आला आणि मोडलेल्या वस्तूसमोर पुरुष उभे राहतात तसा कमरेवर हात ठेवून उभा राहिला. म्हणाला, आधी मशीन बिघडलंय की तू बिघडली आहेस ते बघू. शर्ट काढून त्यानं ते स्वतःच्या पोटाला लावलं. तुमच्या भावाचं पोट तुम्ही लहानपणानंतर पाहिलं नसेल. उन्हाचं त्याला कधी दर्शन नाही, डुकराच्या चरबीसारखं पांढरं आहे आणि वर काळं जंगल आहे. मशीनला ते इतकं आवडलं म्हणता, लाल दिवा गेला, पांढरा आला आणि असा लख्ख उजेड पडला की तळघरातलं कोबीचं पिंप मला हेल्मेटमधून दिसलं. मीरो बोंबलला. कोंबडी सोलल्यावर उरलेली लव जाळतो ना आपण, नेमका तो वास सुटला. मशीन चालतं म्हणून मी खूश झाले आणि खात्री करायला शेजारी आणखी एक लावून दिली, त्यात त्याचं काय गेलं मला समजलं नाही.

नेमका तेव्हा नेस्टर रस्त्यानं चालला होता. नेस्टर आता गावच्या आग विझवणाऱ्यांचा प्रमुख आहे (प्रमुख म्हणजे पंप त्याच्या कोठारात असतो). त्याला तळघराच्या खिडकीतून लख लख उजेड दिसला, जळका वास आला, तो लाल नळकांडं घेऊन जिना उतरून खाली आला. समोर काय, तर तुमचा भाऊ उघडा, भिंतीला पाठ लावून, पोटातून धूर निघतोय, आणि मी वेल्डिंगचं हेल्मेट घालून हातात बंदूक धरून उभी. नेस्टरनं नळकांडं पुन्हा काखेत मारलं. मग म्हणाला, "चालू द्या, मला वाटलं आग लागली." आणि हळूच पायऱ्या चढून गेला. संध्याकाळपर्यंत गावात कुणालाही काहीही सांगायचं बाकी राहिलं नव्हतं. फादरनी रविवारी मीरोला बाजूला घेऊन विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना.

तर मशीन चालतं, पण माझ्यावर चालत नाही. का? मीरोनं विचार केला. त्याचं पोट पांढरं, माझा डावा हात तपकिरी. तो तपकिरी असणारच, पिकअपच्या खिडकीतून तो हात एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत बाहेर असतो, या भागात कुणाचीही डावी बाही वर करा, पावाच्या कवचासारखा हात निघेल. मीरो म्हणाला, म्हणजे मशीनला रंग चालत नाही. इथपर्यंत तो बरोबर होता, हे मला पुढे कळलं. इथेच थांबला असता तर त्याला मी शहाणा म्हटलं असतं. पण तो पुढे म्हणाला, मग हाताला पीठ लाव.

लावलं. का लावलं विचारू नका. मरियामातेच्या सणाच्या आदल्या दिवशीची गोष्ट, कमरेएवढं काम पडलेलं, डोकं ठिकाणावर नव्हतं. वरून पिठाची परात आणून त्यातलं चांगलं मूठभर पीठ घेऊन हात पांढरा केला, मशीन लावलं, मशीन फसलं, आणि मग ताई, मला जे दिसलं ते तुमच्या फादरला प्रवचनात वर्णन करायला द्या. तापलेला शिक्का मारल्यासारखं. चौकोनी. मी किंचाळले, मशीन पिठात पडलं, भुर्र भुर्र असा आवाज केला, गरम झालं आणि बंद पडलं. मीरो धावत वर जाऊन आंबट साय घेऊन आला, तुमची आई भाजल्यावर लावायची ती. मी म्हटलं साय कोबीच्या रोलवर घाल आणि मला एकटीला सोड.

आणि एकटी पडल्यावर मी काय केलं, तर उजव्या हाताचा मी मशीनशिवायच निकाल लावायचा ठरवला. ईस्टरची अंडी रंगवायचं मधमाश्यांचं मेण घरात होतं, दोन वड्या. ते वितळवलं, उजव्या हाताला फासलं, वर जुन्या चादरीच्या पट्ट्या लावल्या आणि डोळे मिटून ओढल्या. एकेका पट्टीला एकेक संत आठवला. निघाले केस, सगळे निघाले. हाताला अजून चर्चचा वास येतो.

सोमवारी कंपनीला फोन केला. पलीकडे टॅनिस नावाची पोरगी होती, आवाजावरून पंचविशीची, गोड बोलणारी. मी आधीच सांगितलं की मी भांडायला फोन केला आहे. ती म्हणाली, हरकत नाही. मग तिनं एकेक विचारायला सुरुवात केली. आधी वस्तऱ्यानं दाढी केल्यासारखे केस काढले होते का? नाही. हात उन्हानं रापलेला आहे का? आहे. मग मशीननं नकार दिला का? दिला. मग काय केलंत? पीठ लावलं. मग तिनं विचारलं, "मॅडम, कसलं पीठ?" मी म्हटलं, पिरोहीचं. ती म्हणाली की तिच्यासमोर एक यादी आहे, लोक काय काय करतात त्याची, आणि त्यात पीठ नाही, ते ती आज लिहून ठेवते.

मग तिनं मला जे समजावलं ते खसखशीच्या अक्षरांत लिहायचं काय कारण होतं मला कळत नाही. ते मशीन केस बघत नाही, रंग बघतं. त्याचा उजेड कातडीतून खाली जातो आणि केसाच्या मुळाशी जो काळा रंग असतो त्याला जाऊन चिकटतो, तिथे तापतो आणि मूळ दमतं. कातडी गोरी आणि केस काळा असेल तर त्याला बरोबर सापडतं. कातडीच काळवंडलेली असेल तर त्याला सगळीकडे रंगच रंग दिसतो, मग ते कातडीच भाजतं, म्हणून ते लाल दिवा लावून थांबतं. म्हणजे माझं मशीन बिघडलेलंच नव्हतं. त्या दिवशी तळघरात अक्कल असलेलं ते एकटंच होतं आणि आम्ही दोघांनी मिळून त्याला फसवलं. तीळ, जन्मखूण, गोंदण, यावर लावायचं नाही ते याच कारणानं. वर केस असतील तर ते वरच्या वर जळतात, म्हणून आधी वस्तरा (मीरोचा धूर तोच). पण उपटायचे मात्र नाहीत, मेणानं तर नाहीच, कारण मूळच निघून गेलं तर उजेड कुणाला शोधणार? माझ्या उजव्या हाताला महिनाभर तरी मशीनचा उपयोग नाही. डाव्याला रापलेपण जाईपर्यंत नाही, म्हणजे आपला ख्रिसमस येईल. सूर्यावरच्या काटेचा अर्थ होता की आधी आणि नंतर हात उन्हात नेऊ नका. तळघर कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, आणि पांढरा केस? ती म्हणाली, पांढरा मशीनला दिसतच नाही. वरून कितीही रंगवा, मुळाशी पांढरा असला की त्याच्या दृष्टीनं तिथे काही नाहीच.

हे वाक्य मी घरी येईपर्यंत विसरले नाही. म्हणजे घरातच होते, पण समजा.

फोडाला तिनं गार पाणी सांगितलं, साय नाही, लोणी नाही, फोडायचा नाही, आणि दवाखान्यातल्या नर्सला दाखवायचा. दाखवला. नर्सनं वहीत लिहिलं "पीठ" आणि खाली रेघ ओढली. मशीन बंद का पडलं, तर त्याच्या बुडाशी हवा जायची जाळी आहे, ती पिठानं बुजली होती. प्लग काढून, गार होऊ देऊन, कोरड्या मऊ ब्रशनं साफ केलं, अंड्यांच्या रंगाचा ब्रश होता त्यानं, आणि सुरू झालं. मीरो फुंकर मारणार होता, त्याची थुंकी आत गेली असती. आता मी ते शहाण्यासारखं वापरते. वर स्वयंपाकघरात, हात धुऊन पुसून. आधी वस्तरा. सगळ्यात कमी आकड्यावर. आधी नडगीवर एका जागी लावायचं आणि पूर्ण एक दिवस वाट बघायची, लाल झालं नाही तरच पुढे. चपटं टेकवायचं, तिरकं लावलं तर ते पेटतच नाही, आणि उजेडाकडे बघायचं नाही. दोन आठवड्यांतून एकदा, जास्त नाही. मला वाट बघायला लावणारं जगात पहिलंच मशीन हे.

पण पाच ऑक्टोबरला त्याचा मला काडीचा उपयोग नाही. एक हात बोडका करून हॉलमध्ये गेले, तर स्टेफा म्हणाली, बघा, कबूल केलं ना. दुसऱ्या हातावर आहेत म्हणून तिथेही बटाटेच.

असो. मला काही मागायचं नाही. तुम्ही मनापासून पाठवलंत, पोचलं, आभार. तब्येतीला जपा, गुडघ्याला शेक द्या, वसिलभावोजी सापडले तर नमस्कार सांगा.

तुमची भावजय,
झोनिया

ता. क. मशीन परत मागू नका. हनुवटीवर माझे तीन केस होते, तुम्हाला माहीत आहेत, तुम्ही फोटोतसुद्धा दाखवले होतेत. टॅनिसला विचारून, गालाच्या हाडाखाली चालतं म्हणाली म्हणून, तिथे लावलं. दोन गेले. तिसरा पांढरा निघाला, तो राहणार.

ता. क. दुसरा. मागायचं काही नाही असं वर लिहिलं ते खोडत नाही, कागद घाण होतो. पण त्या तिसऱ्या केसावरून सांगायचं राहिलं. काल गुरुवारी बटाटे सोलून झाल्यावर सगळ्या कॉफीला बसल्या, तेव्हा मी अंड्यांवरच्या बारीक रेघा बघायचं भिंग घेऊन नोटीस बोर्डापाशी गेले. तो केस दीड महिना तिथे आहे आणि आजवर कुणी नीट बघितला नव्हता. स्टेफाला तर चष्म्याशिवाय स्वतःची सून दिसत नाही आणि चष्मा ती लावत नाही. ताई, त्या केसाला मूळ आहे. मुळाकडून तांदळाच्या दाण्याएवढा तो पांढरा आहे. पांढराशुभ्र. त्यापुढे एकदम काळा, बुटाला पॉलिश केल्यासारखा. असा केस देवानं माझ्या हातावर दिलेला नाही, आणि वडिलांच्या हातावरही नव्हता. आमच्या कोठारामागे तो काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा, घाण मारणारा स्कंक राहतो, त्याच्याही अंगावर नाही. टेबलावरच्या आठ पांढऱ्या पांढऱ्याच राहतात, रंगाला त्या पैसे घालवणार नाहीत. मग मला जुलैतला तो गुरुवार आठवला. जाळी सगळ्यांनी घातली होती, एक सोडून. जाळीनं केस चपटे होतात, कालच पार्लरमध्ये बसवून घेतलेत, असं म्हणून तुम्ही ती खिशात ठेवलीत, आणि विनिपेगची पाहुणी म्हणून स्टेफाही काही बोलली नाही. छत्तीस वर्षं मी ऐकते आहे की तुमच्या घराण्यात केस पिकत नाहीत. मीरोचे पिकले नाहीत हे खरं, ते त्याआधीच गेले. आणि टोस्टर पाठवणारी बाई लेझर का पाठवते, हेही मला बोर्डापाशी उभं राहूनच कळलं. केस कुणाचा ते तुम्हाला मीरोच्या फोनवरच कळलं होतं.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. मी कुणाला सांगितलेलं नाही, मीरोलासुद्धा नाही. सांगणारही नाही. मी सांगितलं तर चुगली, तुम्ही सांगितलंत तर मोठेपणा, आणि टेबलाची ती मानाची जागा तुमच्याच आईची आहे. स्टेफाला एक फोन करा, केस माझा होता, जाळी घातली नव्हती, एवढंच म्हणा. रंगाचं एक अक्षर काढायची गरज नाही. तो पांढरा भाग कुणाच्या डोळ्यांत आला तर मी सांगेन की पीठ आहे. त्या हॉलमध्ये कशाला पीठ लागलेलं नसतं? तुमचे केस जन्माचे काळे आहेत असं मी फादरसमोर सांगेन आणि पुढच्या पापनिवेदनात माझं मी बघून घेईन. आणि फोन नाही केलात, तर मी काही करणार नाही. मागच्या खोलीत बसून बटाटे सोलेन. फक्त ख्रिसमसला तुम्ही जेवायला याल तेव्हा तुमच्यासमोर बसेन आणि सणाचे बारा पदार्थ संपेपर्यंत तुमच्या भांगाकडे बघेन. बोलणार नाही. बघेन.

कमिटी गुरुवारी दोन ऑक्टोबरला सकाळी दहाला बसते. पेला मी धुऊन, पुसून, पिशवीत भरून दाराशी ठेवला आहे. बुधवार संध्याकाळपर्यंत उत्तर हवं.